मापात पाप

भायखळ्याला माझ्या वडिलांचं वाणसामानाचं छोटं दुकान होतं. सकाळी शटर वर केलं, की गिऱ्हाईक यायच्या आधी ते रिकामा तराजू उचलून धरायचे आणि काटा मधोमध उभा राहतो का ते बघायचे. दांडी एका अंगाला झुकली तर दुसऱ्या अंगाला तारेचा तुकडा बांधायचे. या भरीला पासंग म्हणतात. ‘पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण म्हणतो ते यावरूनच. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा त्यांनी पारडं उलटं करून दाखवलं आणि सांगितलं, काही जण इथे खालून चिंचेचा गोळा चिकटवतात. वरून दिसत नाही, पण दर वजनामागे थोडं थोडं आपल्याकडे राहतं. मग मला विचारलं, “यात कुणी खोटं बोललं का?” मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, “तोंडाने नाही बोललं. पण पारडं बोललं ना.”

आपल्या भाषेत यासाठी दोनच शब्द आहेत: मापात पाप. ख्रिस्ती माणसाने खरेपणाने आणि न्यायाने वागायचं म्हणजे नेमकं काय, हे समजवायला मला यापेक्षा चांगली सुरुवात सापडलेली नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी तरुणांचा वर्ग घेते. तिथे हा प्रश्न दर वर्षी येतो आणि बहुतेकांच्या मनात त्याचं उत्तर आधीच तयार असतं: खोटं बोलू नये. मग लगेच अडचणी निघतात. एकीला ऑफिसात ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं फोनवर सांगायला लावतात. एकाने बायोडेटात सहा महिन्यांच्या अनुभवाचं वर्ष केलंय. हे प्रश्न खरेच आहेत आणि त्यांना उत्तरं द्यावीच लागतात. पण पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, खरेपणाचा विषय एवढ्यावर थांबत नाही. तो बोलण्यातून निघतो आणि बाजार, मजुरी, कोर्ट, वाटणी अशा सगळ्या ठिकाणी जातो.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा १९वा अध्याय उघडा. लेवीय म्हटलं की अर्पणं आणि याजकांचे नियम एवढंच आठवतं आणि बरेच जण ते पुस्तक ओलांडून पुढे जातात. पण ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा, जी येशूने सगळ्यात मोठ्या दोन आज्ञांपैकी एक म्हणून सांगितली, ती मुळात याच अध्यायातली, १८व्या ओवीतली. तिच्या आजूबाजूला काय आहे ते बघा. शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. न्याय करताना गरीब आहे म्हणून झुकतं माप नको आणि मोठा आहे म्हणून मुलाहिजा नको. लोकांत चहाड्या करत फिरू नका. आणि शेवटाकडे, ३५व्या आणि ३६व्या ओवीत तराजू येतो: खरी तागडी, खरी वजनं, खरी मापं ठेवा.

म्हणजे प्रीती म्हणजे काय, हे त्या अध्यायाने भावनेत सांगितलेलं नाही. त्याने ते पीक, पगार आणि वजनकाट्यात सांगितलंय.

त्या काळी वजनं दगडाची असत. बायबलमध्ये ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे, त्यात पिशवीत लहान आणि मोठी अशी दोन प्रकारची वजनं ठेवायला मनाई आहे, आणि त्या वजनांसाठी मूळ हिब्रू शब्द ‘दगड आणि दगड’ असे आहेत. एक दगड घेताना वापरायचा, एक देताना. या दोन दगडांचा मी फार विचार करते, कारण ही फसवाफसवी फक्त व्यापारी करतात असं नाही. माझी चूक असते तेव्हा ‘घाई होती’, तुमची असते तेव्हा ‘निष्काळजीपणा’. माझ्या मुलाला ओळखीने नोकरी लागली तर देवाची कृपा, शेजारच्याला लागली तर वशिला. दोन्ही दगड एकाच पिशवीत.

ख्रिस्ताच्या साडेसातशे वर्षं आधी आमोस नावाचा मेंढपाळ संदेष्टा होऊन गेला. त्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले व्यापारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळतात. त्या दिवशी दुकान बंद ठेवतात. पण मनात हिशेब चाललेला असतो, की हा दिवस कधी सरतो आणि आपण धान्य कधी काढतो. माप लहान करू, वजन जड करू, गव्हाबरोबर झाडण सुद्धा विकू. इथे आमोस त्यांच्या शब्बाथ पाळण्यात खोट काढत नाही, तो दिवस चोख पाळलेला आहे. त्याला राग येतो तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा.

आता थोडं शब्दाविषयी. हिब्रूत सत्याला ‘एमेथ’ म्हणतात. तो ज्या धातूतून आला त्याचा अर्थ पक्कं असणं, भार टाकला तरी न हलणं. त्याच धातूतून ‘आमेन’ आला, जो आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो. त्यामुळे शास्त्रात ‘खरा’ माणूस म्हणजे ज्याच्यावर दुसरा निर्धास्तपणे टेकू शकतो तो. मराठीत ही छटा जिवंत आहे. आपण खरं नाणं म्हणतो, शब्दाला खरा माणूस म्हणतो, वचनाला जागला म्हणतो. हे लक्षात आलं की सत्य आणि न्याय हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. ज्याच्या तराजूवर, पगाराच्या तारखेवर, सहीवर दुसऱ्याला भरवसा ठेवता येत नाही, तो तोंडाने कितीही खरं बोलला तरी शास्त्राच्या अर्थाने खरा नाही.

बोलण्याची आज्ञा अर्थातच आहे, पण तीसुद्धा नीट वाचली पाहिजे. दहा आज्ञांमध्ये ‘खोटं बोलू नको’ असं शब्दशः नाहीच. ‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ असं आहे. (बहुतेक प्रॉटेस्टंट लोक तिला नववी आज्ञा म्हणतात, कॅथलिक आठवी; मजकूर तोच, मोजणी वेगळी.) ही कोर्टाची भाषा आहे. त्या काळी बोटांचे ठसे नव्हते, कॅमेरे नव्हते. दोन साक्षीदारांच्या जबानीवर माणसाचा जीव जाऊ शकत होता. म्हणून आज्ञेचा रोख आहे शेजाऱ्याचं नुकसान करणाऱ्या खोटेपणावर. न्यायाचं काम ज्याच्यावर चालतं, तो पायाच खोट्या साक्षीने उखडला जातो.

आपल्या मंडळ्यांत ‘साक्ष’ हाच शब्द आणखी एका अर्थाने रोज वापरतात. उपासनेत कोणीतरी उभं राहतं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं, त्याला साक्ष देणं म्हणतात. दोन्हीकडे शब्द एक आहे तर कसोटीही एकच हवी, असं मला मनापासून वाटतं. डॉक्टरांनी ‘ऑपरेशन लागेल का ते बघू’ म्हटलेलं असताना ‘डॉक्टरांनी हात टेकले होते’ असं व्यासपीठावरून सांगणं ही देवाच्या नावाने दिलेली खोटी साक्ष आहे. देवाला आपल्या तिखटमिठाची गरज नाही.

येशूने तर शपथेलाच हात घातला. त्याच्या काळी शपथांची उतरंड होती: मंदिराची शपथ मोडली तर चालते, मंदिरातल्या सोन्याची मोडली तर नाही, अशा पळवाटा होत्या. डोंगरावरच्या प्रवचनात तो म्हणतो, शपथच वाहू नका. तुमचं होय म्हणजे होय असू द्या, नाही म्हणजे नाही. कारण शपथेवर बोललेलं तेवढं खरं म्हटलं, तर बाकीचं बोलणं आपोआप सवलतीचं होतं. इंग्लंडमध्ये १७व्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हे इतकं मनावर घेतलं, की कोर्टात शपथ घ्यायला नकार देऊन तुरुंगात गेले. त्यांच्यातले दुकानदार घासाघीस करत नसत. एकच भाव सांगायचे, लहान मूल आलं तरी तोच. आपल्याकडे १९६९च्या शपथ कायद्याने साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष द्यायची मुभा आहे. बहुतेक मंडळ्या कोर्टातली शपथ चालते असंच मानतात आणि मलाही त्यात गैर वाटत नाही. येशूचा मुद्दा कोर्टाबाहेरच्या तेवीस तासांचा आहे.

मजुरीकडे येऊ, कारण मुंबईत हा विषय रस्त्यावर उभा असतो. सकाळी सात-साडेसातला कुठल्याही मजूर नाक्यावर जा. गवंडी, बिगारी, रंगारी, हातात थापी किंवा रंगाचा ब्रश, डब्याची पिशवी. मुकादम येतो, बोटांनी मोजतो, चौघांना टेम्पोत घालतो. नऊपर्यंत गर्दी ओसरते. दहा-अकरानंतर जे उरतात त्यांच्याकडे आपण सहसा बघत नाही. वयस्कर असतात, नाहीतर हाताला काही झालेलं असतं, नाहीतर नुसतं नशीब.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, याच नाक्यावरचा आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे येतो, दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर नेतो. एक दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, घरच्या चुलीपुरती. तो नऊला परत येतो, बाराला येतो, तीनला येतो, आणि दिवस मावळायला तास उरला असताना पाचलाही येतो. उरलेल्यांना विचारतो, दिवसभर इथे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. संध्याकाळी तो सगळ्यांना एकेक दिनार देतो. पहाटेचे चिडतात, आणि खरं सांगायचं तर वर्गात दर वेळी मुलंही चिडतात.

पण धन्याने पहाटेच्या मजुरांचा एक पैसाही बुडवलेला नाही. ठरलं ते दिलं. तो न्याय पाळलाच. त्याच्यावर त्याने आणखी एक गोष्ट पाहिली: पाच वाजताच्या माणसाच्या घरीही तेवढीच तोंडं आहेत. हे उलटं करता येत नाही, हे मी मुलांना ठासून सांगते. ठरलेलं बुडवून दानधर्म करणाऱ्याला हा दाखला आधार देत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय अशा माणसांविषयीच आहे: तिथे शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानावर गेली आहे.

आता माझी गोष्ट सांगते. आमच्याकडे पोळ्यांना एक मावशी येतात. दोन वर्षांपूर्वी एका एक तारखेला माझ्या पर्समध्ये सुट्टे नव्हते. मी म्हटलं, मावशी, उद्या देते. दुसऱ्या दिवशी विसरले, तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी ऑनलाइन कॉलवर होते. चार तारखेला दिले. त्या काही बोलल्या नाहीत. महिनाभराने दुसऱ्याच बोलण्यातून कळलं, की मुलीच्या क्लासची फी भरायला त्यांनी त्या तीन दिवसांसाठी चाळीतल्या कुणाकडून व्याजाने पैसे घेतले होते. त्याच रविवारी मी वर्गात लेवीय १९ शिकवला होता. मी व्याजाचे पैसे द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, “राहू द्या ताई, होतं असं.” मी दिलेच. पण ‘होतं असं’ हे त्या किती सहज म्हणाल्या, ते अजून मनातून जात नाही. आता पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी, त्या चपला घालायच्या आत हातात असतो.

लेवीयच्या त्याच १९व्या अध्यायातली ३४वी ओवी मुंबईकराने वेगळी वाचायला हवी: तुमच्यात राहणाऱ्या परक्यावरही स्वतःसारखंच प्रेम करा, कारण तुम्हीही मिसर देशात (इजिप्तमध्ये) परके होता. जागा भाड्याने देताना ‘यांना नको, त्यांना नको’ असं एजंटला सांगणाऱ्यांत आपली ख्रिस्ती माणसंही असतात. आणि याच शहरात आपल्यालाही कधी ना कधी त्याच कारणासाठी ‘नको’ ऐकायला मिळालेलं असतं. याहून जास्त समजावून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

चूक झाली की काय करायचं, हा खरा अवघड भाग. ‘देवाकडे क्षमा मागितली, संपलं’ असं आपल्याकडे फार लवकर म्हटलं जातं. शास्त्रातला क्रम असा नाही. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे फसवून घेतलेलं कोणी स्वतःहून कबूल केलं, तर त्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा ज्याचं त्याला परत द्यायचा, आणि मग अर्पण आणायचं. कॅथलिक मंडळीत पापकबुलीनंतर फादर मुक्ती देतात, पण चोरलेलं परत करण्याची जबाबदारी उरतेच. कुणाची नाहक बदनामी केली असेल तर तीही शक्य तितकी भरून द्यायची असते. येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. हे तो गालीलातल्या लोकांना सांगतोय. वेदी यरुशलेमात. मधलं अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, पायी तीन-चार दिवस. मुंबईहून अर्पण घेऊन चालत इगतपुरीला पोचायचं, तिथे आठवायचं, अर्पण ठेवून चालत परत यायचं.

जक्कयाची गोष्ट संडे स्कूलमध्ये झाडावर चढण्यासाठी शिकवतात, पण तिचा गाभा हिशेबात आहे. तो यरीहोचा मुख्य जकातदार. रोमन राज्यासाठी कर गोळा करणारे वरचा पैसा स्वतः ठेवायचे, आणि तो त्यावर श्रीमंत झाला होता. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. कबूल करणाऱ्याला नियम मूळ रक्कम आणि पाचवा हिस्साच सांगतो. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्या चोराची भरपाई. म्हणजे त्याने स्वतःला सवलत घेतली नाही, चोराचा दर लावून घेतला. या घराला तारण, म्हणजे उद्धार, मिळालं हे येशू बोलतो ते यानंतर.

एक शंका नेहमी येते: मग सगळं खरं सगळ्यांना सांगायचं का? नाही. कुणाचा खरा दोष विनाकारण चारचौघांत उघडा करणं हेही पाप आहे, आणि कॅथलिक धर्मशिक्षणात ते खोट्या आरोपाच्या शेजारीच, वेगळं नाव देऊन सांगितलंय. येशूचा क्रम सोपा आहे: आधी तू आणि तो, दोघंच. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेंटेनन्स थकलेल्याचं नाव टाकणाऱ्याने आधी त्याची बेल वाजवली होती का?

आणि जीव वाचवायला खोटं बोलावं लागलं तर? मिसरमधल्या सुइणी शिप्रा आणि पुवा यांनी इब्री (हिब्रू) मुलगे मारायचा हुकूम पाळला नाही आणि फारो राजाला खोटं कारण सांगितलं. देवाने त्यांचं भलं केलं असं बायबलच्या निर्गम या पुस्तकात लिहिलंय. संत ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताचं मत होतं की कुठलंही खोटं पापच, सुइणींना बक्षीस मिळालं ते दयेबद्दल. पुष्कळ ख्रिस्ती विचारवंतांना हे पटलेलं नाही: ज्याला खून करायचाय त्याचा सत्यावर हक्क नाही, असं ते म्हणतात. मी त्यांच्या बाजूची आहे. पण बायोडेटातलं वर्ष वाढवताना सुइणींची ढाल पुढे करू नका, हे त्या मुलाला मी सांगितलं. त्याने ते दुरुस्त केलं आणि तो इंटरव्ह्यू त्याला मिळाला नाही. पुढच्या रविवारी तो वर्गात आला, बोलला मात्र नाही. त्याच्याशी काय बोलावं हे मलाही सुचलं नाही. वर्ग सुटल्यावर चहा घेतला दोघांनी.

शेवटी वडिलांकडे परत यायला हवं. ते गेल्यावर कपाटात कागद आवरताना एक हक्कसोड पत्र सापडलं. नगर जिल्ह्यातलं आजोबांचं घर आणि जमीन. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, आजी त्यांच्या आधीच गेली होती. अशा वेळी ख्रिस्ती कुटुंबाला १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. प्रत्येक अपत्याचा वाटा सारखा. म्हणजे वडील, काका आणि आत्या, तीन सारखे हिस्से. आत्याने तिचा सोडला होता. कागदावर टाइप केलंय, ‘स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय’. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या.

मी आत्याला फोन करून विचारलं. ती म्हणाली, “मला कोणी विचारलं नाही गं. सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं. लग्नात खर्च झाला होता ना माझ्या.”

रोज सकाळी रिकामा तराजू तपासणारा माणूस होता तो. ग्राहकाचा एक तोळा त्यांनी कधी मारला नाही, याची मला आजही खात्री आहे, आणि मला वाटत नाही की त्यांच्या मनात त्या दिवशी कपट होतं. सगळेच करतात तसं त्यांनी केलं. शास्त्रात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचा वाटा मागतात आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे. हा गणना या पुस्तकातला २७वा अध्याय वडिलांनीही वाचला असणार. त्यांनी स्वतःच्या मृत्युपत्रात मला भावाइतकंच दिलं. त्यामुळे आज माझ्या वाट्यात आत्याचा वाटा आहे.

भावाशी बोलले. तो दोन दिवस गप्प होता, मग म्हणाला, वकिलाला विचारून किंमत काढू. काकांकडून अजून उत्तर नाही. आम्ही आमच्यापुरता आकडा काढलाय, वर पाचवा हिस्सा धरून. येत्या रविवारी उपासनेनंतर दोघं विरारची गाडी पकडणार आहोत. आत्याने फोनवर सांगितलंय, पैशाचं बोलणार असाल तर येऊ नका, जेवायला येणार असाल तर या. आम्ही जेवायला जातोय, आणि तो आकडा लिहिलेला कागद माझ्या पर्समध्ये आहे.